स्थानकापासून उंबऱ्यापर्यंत : वसई-विरारमधील वृद्धांची वाट

भाईंदरची खाडी ओलांडून लोकल नायगावात शिरली की मुंबई मागे पडल्याची जाणीव होते. दोन्ही बाजूंना मिठागरांचे चौकोन दिसू लागतात, दूर पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगरांची रेघ उमटते आणि डब्यातील गर्दीलाही थोडी हवा लागते. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस डोंगर अशा चतुःसीमेत वसलेला हा प्रदेश मुंबईशी रुळांनी बांधला गेला त्याला दीडशेहून अधिक वर्षे लोटली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईतील बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. दिवसातून एक गाडी जायची आणि एक यायची. आज चर्चगेट ते विरार या साठ किलोमीटरांवर रोज किती जीव ये-जा करतात, याचा अंदाज सकाळी सातच्या सुमारास विरारच्या फलाटावर उभे राहिल्यावर येतो.

वसई-विरारवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी जिंकलेला किल्ला, गोड सुकेळी, नारळी-पोफळीच्या वाड्या, चर्चचे मनोरे आणि वाडवळांची घरे हे सारे वाचकांना परिचित आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू निराळा आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, गुडघे धरलेल्या, हातात काठी असलेल्या माणसाला हे शहर कसे भेटते, हे पाहावे म्हणून ही पायपीट केली. कारण हा प्रदेश आता आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचे घर झाला आहे आणि त्या घरांत दिवसभर जे असतात ते बहुतांशी वृद्धच आहेत.

हे कसे घडले ते वेगळे सांगायला नको. काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव येथील जुन्या चाळींतील दोन खोल्या तीन पिढ्यांना अपुऱ्या पडू लागल्या. मुलांची लग्ने झाली, नातवंडे आली आणि कुटुंबाने बोरिवली, भाईंदर करीत वसई, नालासोपारा, विरार गाठले. तेवढ्याच पैशात येथे दोन शयनगृहांची सदनिका मिळाली, जवळ देरासर मिळाले, हवा मिळाली. पेढी मात्र जिथे होती तिथेच राहिली. परिणामी कर्ता मुलगा सकाळी साडेसात-आठला घर सोडतो आणि रात्री नऊ-साडेनऊला परततो. सून नोकरी करीत असेल किंवा दुकानात हातभार लावत असेल, तर तीही त्याच गर्दीत असते. नातवंडे शाळेत, मग शिकवणीला. सकाळचा दूधवाला गेल्यापासून संध्याकाळच्या दिवाबत्तीपर्यंत घरात आजोबा असतात, आजी असते, कधी दोघांपैकी एकच असते. यात कोणाची बेफिकिरी नाही. हा रेल्वेच्या वेळापत्रकाचा आणि घराच्या किमतीचा सरळ हिशेब आहे. पण या हिशेबातील दहा-बारा तासांची जबाबदारी कोणाच्या नावावर मांडलेली आहे, हा प्रश्न बहुतेक घरांत विचारलेलाच नसतो.

वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेस उतरून माणिकपूर, बाभोळा, पापडी असे करीत जुन्या वसई गावाकडे जाताना शहराची वये एकामागून एक दिसत जातात. स्थानकाजवळ नव्या, उद्वाहन असलेल्या उंच इमारती आहेत. त्यांच्या आगेमागे तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या तीन-चार मजली इमारती उभ्या आहेत. त्या बांधताना कोणाला उद्वाहनाची गरज वाटली नाही, कारण त्या वेळी घेणारा चाळिशीत होता. आज तोच माणूस सत्तरी पार करून तिसऱ्या मजल्यावर बसला आहे. खाली येण्यासाठी त्याला पन्नासएक पायऱ्या उतराव्या लागतात. रस्त्यावर रिक्षा उभी असते, पाच मिनिटांवर दवाखाना असतो, औषधांचे दुकान तर कोपऱ्यावरच असते. अडते ते या पायऱ्यांपाशी. कोणी एकदम आजारी झालेच, तर जिन्याचे वळण इतके अरुंद असते की रुग्णवाहिकेचे स्ट्रेचर वर नेता येत नाही. मग खुर्चीत बसवून किंवा चादरीची झोळी करून शेजारची तरुण मुले माणसाला खाली आणतात. दुपारी इमारतीत तरुण मुले असतील तर.

वसई गावात पारनाक्याच्या परिसरात पोहोचले की वेग मंदावतो. येथे महापालिकेचे सर डी. एम. पेटिट रुग्णालय आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांच्या उभारणीत अग्रभागी असलेल्या पेटिट या पारशी घराण्याचे नाव या रुग्णालयाने जपले आहे. व्यापारात मिळवलेले धन दवाखान्याच्या भिंतींत घालण्याची ही परंपरा आपल्या वाचकांना परकी वाटू नये. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि त्यांच्या अवतीभवतीची गावे मिळून वसई-विरार शहर महापालिका झाली आणि पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा पालघर जिल्हा निर्माण झाला. २०११ च्या जनगणनेतच महापालिका क्षेत्राची लोकसंख्या बारा लाखांवर होती. तेव्हापासून झालेली वाढ नालासोपाऱ्याच्या पूर्वेला नुसती नजर टाकली तरी समजते. एवढ्या लोकवस्तीला महापालिकेची रुग्णालये आणि नागरी आरोग्य केंद्रे पुरी पडत नाहीत, म्हणून खासगी व धर्मादाय संस्थांवर मोठा भार येतो. सांडोरजवळ बंगली येथील कार्डिनल ग्रेशस स्मृती रुग्णालय हे त्यांपैकी एक प्रमुख नाव होय. ख्रिस्ती समाजाने उभारलेल्या या रुग्णालयात पंचक्रोशीतील सर्व धर्मांची माणसे वर्षानुवर्षे उपचार घेत आली आहेत.

आपल्या कुटुंबांत एक समजूत खोल रुजलेली आहे. सरकारी दवाखाना गरिबांसाठी, सरकारी योजना पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेसाठी, आपले काम पैसे मोजून खासगीत. ही समजूत आता जुनी झाली. राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक आरोग्य कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी स्वतंत्र कक्ष, ठरलेल्या दिवशी ज्येष्ठांची वेगळी तपासणी, फिजिओथेरपी आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी आरोग्यसेविकेची भेट, अशी तरतूद आहे. रक्तदाब व मधुमेह यांची तपासणी आणि नेहमीची औषधे नागरी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. २९ ऑक्टोबर २०२४ पासून तर सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक भारतीयास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू शकते. त्यावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयांत रोख रक्कम न भरता होतात. वय आधार कार्डावरून धरले जाते. खासगी विमा असला तरी हे कार्ड काढता येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही राज्य शासनाने २०२३ मध्ये सर्व कुटुंबांसाठी खुली करण्याचा आणि तिची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय घेतला. तेव्हा ज्या घरात सत्तरीचे माता-पिता आहेत, त्या घराने हे कार्ड आजारपण येण्यापूर्वीच काढून ठेवावे. रुग्णालयाच्या खिडकीपाशी आधारवरील जन्मतारखेची चूक लक्षात येणे फार महागात पडते.

पण येथेच थांबून एक भेद समजून घेतला पाहिजे. या योजना मुख्यतः रुग्ण दाखल झाल्यावर लागू होतात. शस्त्रक्रिया, अतिदक्षता कक्ष, दाखल असतानाची औषधे यांचा खर्च त्या उचलतात. खुब्याचे हाड मोडले तर ते बसवण्याचा खर्च निघेल. पुढचे तीन महिने आजीला कुशीवर वळवणे, अंघोळ घालणे, हाताला धरून शौचालयापर्यंत नेणे, पाठीला जखमा होऊ न देणे यासाठी लागणारे माणूस मात्र कोणत्याही कार्डावर मिळत नाही. बहुतेक खासगी विमाही तेथे हात आखडता घेतो. म्हणजे रुग्णालयाच्या दारापर्यंत शासन आणि विमा आहेत, इमारतीच्या दारापर्यंत रुग्णवाहिका आहे, आणि तेथून पलंगापर्यंतचा पल्ला कुटुंबाने एकट्याने चालायचा आहे. या प्रवासात मनावर ठसली ती हीच गोष्ट. वृद्धांसाठी सर्वांत लांब अंतर पलंग ते उंबरठा हे असते.

हे अंतर कमी करणारी माणसे कोठून येतात, हे पाहायचे तर नालासोपाऱ्यात उतरावे लागते. हे गाव आपल्याला नवे नाही. प्राचीन शूर्पारक किंवा सोपारक ते हेच. एकेकाळी येथल्या बंदरात दूरदेशीची गलबते लागत. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे येथे सापडले आणि १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. श्रीपाल-मयणासुंदरीची कथा ऐकलेल्यांना सोपारक नगरीची राजकन्या तिलकसुंदरी आठवत असेल. सर्पदंशाने निश्चेष्ट पडलेल्या तिला श्रीपालाने सावध केले, अशी ती कथा आहे. आज स्तूपाचा शांत टेकाड पश्चिमेला आहे आणि पूर्वेला माणसांचा समुद्र. तुळींज, आचोळे, संतोष भुवन या वस्त्यांतील चाळींतून पहाटेपासून बायका बाहेर पडतात. त्यांतील कित्येक जणी कोणाच्या तरी आईला अंघोळ घालण्यासाठी, कोणाच्या तरी वडिलांना भरवण्यासाठी निघालेल्या असतात. कोणी वसईत जाते, कोणी बोरिवली-अंधेरीपर्यंत. आपण त्यांना मावशी म्हणतो. पुरुष असेल तर वॉर्डबॉय किंवा ब्रदर म्हणतो. ब्यूरोवाला फोनवर फक्त एवढेच विचारतो, ‘बारा तास की चोवीस तास?’

या एका प्रश्नावर व्यवहार ठरतो, हीच यातील मोठी उणीव आहे. दुकानात साधा नोकर ठेवताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. माल घेताना नमुना पाहतो. आईच्या अंथरुणाशी बसणाऱ्या व्यक्तीविषयी मात्र दर सोडून काही विचारत नाही. प्रशिक्षित परिचारिका आणि मावशी या दोन भिन्न व्यक्ती आहेत. एएनएम किंवा जीएनएम झालेल्या परिचारिकेची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते, ती इंजेक्शन देऊ शकते, नळीतून अन्न देऊ शकते, जखमेची मलमपट्टी करू शकते. मावशीचे काम स्वच्छता, भरवणे, वळवणे, सोबत करणे हे आहे. तिच्याकडून इंजेक्शन देववणे म्हणजे मुनिमाला गाडी चालवायला लावणे होय. ज्या घराला मावशी पुरेशी आहे त्याने परिचारिकेचा खर्च करू नये आणि ज्या रुग्णाला परिचारिका हवी आहे त्याला मावशीच्या भरवशावर ठेवू नये. कोणाची गरज आहे हे ब्यूरोने सांगायचे नसते. रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टरांकडून ते कागदावर लिहून घ्यावे.

त्यापुढची तयारी आपल्याच स्वभावाला साजेशी आहे, कारण ती वहीखात्याची आहे. एक साधी वही पलंगाशेजारी असावी. औषध किती वाजता दिले, पाणी किती घेतले, लघवी-शौच झाले का, रक्तदाब किती भरला, झोप लागली का, हे त्यात रोज लिहिले जावे. मावशीला लिहिता येत नसेल तर खुणा करता येतात. रात्री मुलगा घरी आला की त्याने ती वही गल्ल्याच्या हिशेबाइतक्या लक्षाने पाहावी. येणाऱ्या व्यक्तीच्या आधार कार्डाची प्रत घ्यावी आणि पोलीस ठाण्यात तिची माहिती द्यावी. १ ऑक्टोबर २०२० पासून वसई-विरारसाठी मीरा-भाईंदरसह स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, तेव्हा या कामासाठी लांब जावे लागत नाही. काम काय, सुटी कधी, बदली कोण, पगार कोणाच्या हाती, ब्यूरोचा वाटा किती, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट व्हावे.

आपल्या घरांत आणखी काही गोष्टी पहिल्या दिवशीच सांगाव्या लागतात. सूर्यास्तापूर्वी जेवण, उकळलेले पाणी, कंदमुळांचा वर्ज, पर्वतिथीला हिरव्या भाजीचा त्याग हे नियम आजीने साठ वर्षे पाळलेले असतात. मावशीला ते ठाऊक नसणे हा तिचा दोष नव्हे. स्वयंपाकघराच्या दारावर चार ओळींत ते लिहून लावले तर रोजची कुरबुर टळते. त्याचबरोबर दुसरी बाजूही सांभाळली पाहिजे. चौविहार पाळणाऱ्या मधुमेही वृद्धाच्या औषधांच्या वेळा डॉक्टरांना विचारून त्याप्रमाणे लावून घ्याव्यात. संध्याकाळी लवकर जेवून सकाळी उशिरापर्यंत काही न घेतल्यास साखर उतरण्याचा धोका असतो आणि पहाटे चक्कर येऊन पडण्याचे ते एक कारण असते. नियम आणि औषध यांची सांगड घालणे शक्य असते, फक्त ती आधी घालावी लागते.

मावशीशी कसे वागावे, हेही याच प्रवासात लक्षात आले. ती बारा तास आपल्या घरात असते, पण अनेक घरांत तिला बसायला खुर्ची नसते, तिच्या पाण्याचा पेला वेगळा असतो आणि तिचे नाव कोणी विचारलेले नसते. नालासोपाऱ्याहून विरारकडे जाताना डब्यात भेटलेल्या एका बाईंना मी विचारले, ‘‘ताई, या कामात अवघड काय वाटते?’’ मला वाटले त्या पाठदुखी म्हणतील, रात्रीची जागरणे म्हणतील. त्या म्हणाल्या, ‘‘काम अवघड नाही हो. म्हातारं माणूस दिवसभर मलाच सगळं सांगतं, अन् संध्याकाळी घरची आली की मला म्हणतात, तू आत जा.’’ दिवसभर जे ऐकले, पाहिले, ते सांगायला तिला कोणी थांबवत नाही. आपल्या आईविषयी त्या घरात सर्वांत अधिक माहिती असलेली व्यक्ती न बोलता लोकल पकडून निघून जाते. संध्याकाळची दहा मिनिटे तिच्यासमोर बसून काढली तर औषधांच्या पावत्यांतून न कळणारे पुष्कळ काही कळते.

पावसाळ्याचा विचार वसई-विरारमध्ये वेगळा करावा लागतो. जुलै २०१८ मध्ये येथे जो पाऊस झाला तो येथील रहिवासी विसरलेले नाहीत. ९ आणि १० जुलैला नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, मिठागरांतील माणसे अडकली, रस्ते बुडाले आणि अनेक भागांत वीज गेली. मुंबईत अडकलेला मुलगा त्या दिवशी घरी पोहोचू शकला नाही आणि बारा तासांची मावशीही येऊ शकली नाही. ज्या घरात प्राणवायूचे यंत्र विजेवर चालते किंवा इन्सुलिन शीतपेटीत असते, त्या घरासाठी अंधाराचा अर्थ फार निराळा असतो. म्हणून ज्येष्ठांच्या घरात जूनपूर्वी पंधरा दिवसांची औषधे, पर्यायी प्राणवायूची सोय, भरून ठेवलेली बॅटरी आणि त्याच इमारतीतील दोन शेजाऱ्यांकडे घराची किल्ली असलीच पाहिजे. त्या दिवशी नातलगांपेक्षा जिन्यातील माणूस कामी येतो.

जगाच्या इतर भागांत या पलंग ते उंबरठा अंतराचा विचार झाला आहे. जपानने एप्रिल २००० पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा स्वतंत्र विमा लागू केला. चाळिशी ओलांडलेला प्रत्येक जण त्यात हप्ता भरतो आणि म्हातारपणी गरज ठरवून घरी अंघोळ घालणारी, स्वयंपाक करणारी, व्यायाम करून घेणारी माणसे त्यातून मिळतात. खर्चाचा लहान भाग कुटुंब देते. इतके लांब जायचे नसेल तर केरळ आहे. तेथे मलप्पुरम भागात शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकत्र येऊन दीर्घ आजारी रुग्णांच्या घरी जाण्याची पद्धत सुरू केली. व्यापारी, विद्यार्थी, रिक्षाचालक आठवड्यातील दोन तास देऊ लागले. २००८ मध्ये राज्याने त्याविषयी धोरण आखले आणि स्थानिक संस्थांच्या परिचारिका घरोघरी जाऊ लागल्या. यात परदेशी यंत्रसामग्री नाही, मोठी इमारत नाही. आपल्या गल्लीत कोण अंथरुणावर आहे याची यादी आणि ठरलेल्या वारी जाणारे माणूस, एवढ्यावर ते उभे राहिले.

आपल्याकडेही दारापर्यंत येण्याची सवय व्यवस्थेला लागू लागली आहे. २०२४ च्या निवडणुकांत पंच्याऐंशी वर्षांवरील मतदारांकडे मतपत्रिका घरी गेली. सत्तरीवरील खातेदारांना घरपोच बँकसेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितले आहे. डॉक्टरांचा सल्ला ई-संजीवनीवरून घरबसल्या मिळतो. १०८ क्रमांकावर डॉक्टरसह रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर उपलब्ध आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही विनामूल्य हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते. तेथे योजनेची माहिती मिळते आणि घरात छळ होत असेल तर मार्गही मिळतो. दुर्दैवाने तसे प्रसंग सुखवस्तू घरांतही घडतात. २००७ च्या माता-पिता व ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेले घर वा दुकान, सांभाळ न झाल्यास परतही मिळू शकते. पेढी मुलांच्या नावे करताना ही अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घेणे म्हणजे मुलांवर अविश्वास नव्हे. आपण भागीदारीचे करारही लिहूनच करतो.

या पायपिटीचा शेवटचा टप्पा आगाशी होता. विरार स्थानकाहून पश्चिमेला जाताना गर्दी विरळ होते, वाड्या सुरू होतात, विहिरी आणि बावखले दिसू लागतात आणि श्री मुनिसुव्रतस्वामींच्या देरासराचे शिखर समोर येते. मुंबईचे सुप्रसिद्ध व्यापारी मोतीशा शेठ यांचे नाव या तीर्थाशी परंपरेने जोडले जाते. त्यांचे गलबत या किनाऱ्याशी अडले आणि त्यातून हे मंदिर उभे राहिले, असे येथे सांगितले जाते. मुंबईत १८३४ मध्ये उभ्या राहिलेल्या पांजरापोळीच्या कामातही मोतीशांचा मोठा वाटा होता. दूध आटलेली, थकलेली, कोणाच्या उपयोगाची न उरलेली जनावरे शेवटपर्यंत सांभाळावीत म्हणून व्यापाऱ्यांनी मालावर लाग बसवून पैसा उभा केला, चारा-पाण्याची रोजची व्यवस्था लावली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालवली. दया तर तेथे होतीच. तिच्यामागे नियमित वर्गणी, चोख हिशेब आणि नेमलेली माणसे होती, म्हणून ती टिकली.

वैयावृत्त्याची गणना आपण अभ्यंतर तपात करतो. साधू-साध्वींच्या सेवेत आपली कुटुंबे कधी मागे नसतात. विहारात त्यांच्यासोबत चालणारे, आजारपणात औषध पोहोचवणारे तरुण प्रत्येक संघात आहेत. त्याच तरुणांच्या स्वतःच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कोणी एकटे बसले आहे का, हे मात्र त्यांना ठाऊक असतेच असे नाही. वसई, नालासोपारा आणि विरारच्या संघांजवळ आज काय नाही? उपाश्रय आहेत, वाड्या आहेत, भोजनशाळा आहेत, व्यवहार जाणणारे विश्वस्त आहेत. वॉकर, चाकाची खुर्ची, उंची कमी-जास्त होणारा पलंग, प्राणवायूचे यंत्र या वस्तू बहुतेक घरांना काही महिनेच लागतात आणि मग माळ्यावर धूळ खातात. त्या एका खोलीत गोळा होऊन नोंदवहीने फिरू शकतात. नियमात बसणारा संध्याकाळपूर्वीचा डबा एकट्या वृद्धांकडे जाऊ शकतो. पाच-सहा कुटुंबे मिळून एक प्रशिक्षित परिचारिका नेमू शकतात, जी रोज प्रत्येक घरी अर्धा तास जाईल. एका घराला न परवडणारी सेवा सहा घरांत सहज परवडते, हे व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

आरंभ मात्र याहूनही लहान गोष्टीने व्हावा. प्रत्येक संघ आपली पत्तापुस्तिका छापतो. त्यात कुटुंबप्रमुखाचे नाव, मूळ गाव, पेढीचा पत्ता, दूरध्वनी, मुलामुलींचे शिक्षण हे सारे असते. पुढील आवृत्तीच्या वेळी कार्यकर्त्यांनी घरोघरी जावे आणि एक वेगळी यादी करावी. ती पुस्तिकेत छापू नये, संघाच्या कपाटात आणि त्या त्या इमारतीतील दोन विश्वासू शेजाऱ्यांकडे ठेवावी. तिच्यात चारच रकाने पुरे आहेत : घरातील ज्येष्ठांचे नाव, मजला, दुसरी किल्ली कोणाकडे, आणि दुपारी घरी कोण असते. चौथा रकाना भरताना ज्या घरात कार्यकर्त्याची लेखणी थांबेल, त्या घराचे दार त्याने त्याच आठवड्यात पुन्हा ठोठवावे.